वीस पाकळ्यांची थाळी

गेल्या पावसाळी सत्रांत आमच्या शिवणवर्गानें एक गोधडी करावयास घेतली, आणि ती पुरी होण्यास वार्षिक संमेलनाचा आदला दिवस उजाडला. काम लांबण्याचें कारण पावसांत नव्हतें, मुलांच्या आळसांतहि नव्हतें. तें एका वर्तुळांत होतें. त्याची हकीकत सांगावी, आणि ज्यांस हें काम घरीं करून पाहावयाचें असेल त्यांस तें नीट करतां यावें, अशा दुहेरी हेतूनें आम्ही हा पाठ लिहीत आहों.

पालकांपैकीं कांहींनीं आम्हांस आरंभींच विचारलें होतें कीं, गोधडी तर घरोघर आहे. ती शाळेंत कशाला शिकवावयाची? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडील गोधडी म्हणजे जुनीं लुगडीं, धोतरें, चादरी एकावर एक पसरून धांवदोऱ्यानें घट्ट केलेलें पांघरूण. जेथें कापड विरलें असेल तेथें ठिगळ बसतें. त्याचा आकार भोंकावरून ठरतो, अगोदर आंखलेला नसतो. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यांत सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' नांवाची गोधडी करतात. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेचे, आणि त्यांपैकीं पुष्कळांस पोर्तुगीजांच्या अमलांत गोव्याच्या वाटेनें इकडे आणलें गेलें. कवंदी बाहेरच्या कांठापासून सुरू होते व तुकडे लावीत लावीत मध्याकडे येते. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांस 'फूल' म्हणतात. या दोन्ही प्रकारांत हात कापडाच्या मागोमाग चालतो. आम्हांस जो प्रकार शिकावयाचा होता त्यांत कापडास हाताच्या मागें चालावें लागतें. एक एक चौकोन स्वतंत्र शिवावयाचा, त्यांतील प्रत्येक तुकडा आधीं कागदावर आंखावयाचा, आणि तुकडे जुळले नाहींत तर दोष कापडावर ढकलतां येत नाहीं. गोधडी मुलांस आजीपाशीं शिकतां येईल व तिनेंच शिकवावी. हें दुसरें काम मात्र भूमितीच्या तासाचें आहे, म्हणून आम्हीं तें शाळेंत घेतलें.

या चौकोनास अमेरिकेंत 'ड्रेस्डेन प्लेट' म्हणतात. वर्गांत त्याचें 'ड्रेस्डेनची थाळी' झालें व पुढें नुसती 'थाळी'. पांढऱ्या चौकोनी कापडाच्या मधोमध रंगीत पाकळ्यांचें एक मोठें वर्तुळ, आणि वर्तुळाच्या मध्यावर एक वाटोळा तुकडा, असें त्याचें रूप असतें. दुरून पाहिल्यास शेवंतीचें फूल ताटलींत ठेवल्याचा भास होतो.

नांवाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. ड्रेस्डेन हें जर्मनींतील एल्ब नदीकांठचें शहर, सॅक्सनीची राजधानी. अठराव्या शतकाच्या आरंभीं तेथील राजा ऑगस्टस यानें योहान बोटगर नांवाच्या एका तरुण किमयागारास सोनें करून घेण्याच्या आशेनें कोंडून ठेवलें होतें. सोनें कांहीं झालें नाहीं. परंतु चीन देशानें शतकानुशतकें आपल्यापाशीं राखलेली पोर्सेलीनच्या भांड्यांची कृति मात्र चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या साहाय्यानें साधली, आणि १७१० सालीं जवळच्या माइसेन गांवीं त्या भांड्यांचा कारखाना निघाला. हीं भांडीं इंग्रजी बोलणाऱ्या जगांत ड्रेस्डेनचीं म्हणूनच ओळखलीं गेलीं. त्यांच्यावरील रंगीत फुलांच्या नक्षीवरून आमच्या या चौकोनाचें नांव पडलें, असें मानतात. त्या शहराचें पुढें काय झालें तें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. १९४५ च्या फेब्रुवारींत झालेल्या बाँबवर्षावांत तें बेचिराख झालें व सुमारें २५,००० माणसें मेलीं. तेथील 'फ्राउएनकिर्ख' हें मोठें घुमटाचें मंदिर कोसळलें. पुढें त्याच्या ढिगाऱ्यांतील जुने दगड निवडून, नव्या दगडांत बसवून तें पुन्हां उभारलें व २००५ सालीं उघडलें. काळवंडलेले जुने दगड त्या फिकट भिंतींत ठिगळांसारखे उठून दिसतात. शिवणकामाच्या पाठांत हें विषयांतर झालें खरें. परंतु हें चित्र वर्गांत दाखविलें तेव्हां मुलांनीं 'गोधडी!' म्हणून जो एकच गलका केला, तो आमच्या कानांत अजून आहे.

ही थाळी अमेरिकेंत १९२० ते १९४० या वर्षांत फार लोकप्रिय झाली. तिला 'ॲस्टर' व 'मैत्रीचें कडें' अशा अर्थाचीं दुसरीं नांवेंहि होतीं. गोधड्यांचे नमुने त्या काळीं वर्तमानपत्रांत छापून येत. 'कॅन्सस सिटी स्टार' या पत्रानें १९२८ पासून १९६१ पर्यंत ते छापले. १९२९ नंतर तिकडे मोठी मंदी आली. पीठ, साखर व कोंबड्यांचें खाद्य सुती पोत्यांतून येत असे, आणि गिऱ्हाईक वळावें म्हणून कारखानदार हीं पोतीं फुलाफुलांच्या छापील कापडाचीं करूं लागले. शंभर पौंडांच्या पोत्याची शिवण सोडली कीं वारभराहून थोडें अधिक कापड हातीं येई. त्याचे मुलांचे झगे, उशांचे अभ्रे होत, आणि उरलेल्या चिंध्यांच्या थाळ्या. एका थाळींत वीस वेगवेगळ्या चिंध्या खपतात व त्यांतील एकहि वीतभर लांब असण्याची गरज नसते, हें त्या लोकप्रियतेचें मोठें कारण असावें, असें आम्हांस वाटतें.

आतां काम. प्रथम कागद घ्यावा. जाड कागदावर कंपासनें ७ इंच त्रिज्येचें वर्तुळ काढावें व त्याच केंद्रावर दीड इंच त्रिज्येचें दुसरें. केंद्राशीं कोनमापकानें १८ अंशांचा कोन आंखावा. ३६० ला २० नें भागलें असतां १८ येतात. त्या कोनाच्या दोन बाजूंमध्यें व दोन वर्तुळांमध्यें सांपडलेला जो भाग, ती आपली पाकळी. तिचा बाहेरचा कांठ गोल न ठेवतां, त्याच्या मध्यास टेकणाऱ्या सरळ रेघेनें पुरा करावा. म्हणजे पाकळी रुंद टोकास सव्वादोन इंचांहून किंचित् कमी आणि निमुळत्या टोकास अर्ध्या इंचाहून किंचित् कमी भरेल. दोन्ही लांब बाजूंस व रुंद टोकास शिवणींत जाणारी कड, म्हणजे माया, पाव इंच वाढवावी. सुताराच्या मापांत हे दोन सूत झाले. एका इंचाचे आठ सूत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें आम्हांस पाव सुताचा हिशेब करावयाचा आहे. निमुळत्या टोकास माया नको. तें मधल्या वाटोळ्या तुकड्याखालीं झांकलें जाणार.

हा आकार पुठ्ठ्यावर चिकटवून कापला म्हणजे नमुना झाला. एका थाळीच्या सर्व पाकळ्या याच एका नमुन्यावरून आंखाव्यात. पहिली पाकळी कापून तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असें करूं नये. पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर वेळीं वाढत जाते, आणि विसावी पाकळी पहिलीची मोठी बहीण शोभते.

कापड सुती असावें, आणि नवें असल्यास आधीं धुऊन घ्यावें. त्याचें आटणें व रंग सोडणें जें काय असेल तें शिवण्यापूर्वींच होऊन जावें. कापडाचे उभे धागे पाकळीच्या मध्यावरून, टोकाकडून टोकाकडे जातील असा नमुना ठेवावा. मग पाकळीच्या दोन्ही बाजू सारख्याच थोड्या तिरक्या पडतात. नमुना वाकडा ठेवला तर एक बाजू सरळ धाग्याची व दुसरी उरेब होते. उरेब बाजू ओढली कीं वाढते, सरळ बाजू वाढत नाहीं, आणि दोघींस एकत्र शिवतांना भांडण लागतें. चिंध्या वाचविण्याच्या नादांत आमच्या वर्गांतील निम्म्या मुलींनीं ही चूक केली. पाकळ्या मात्र एकीचें रुंद टोक दुसरीच्या निमुळत्या टोकाशेजारीं, अशा उलटसुलट कापाव्यात. त्यानें कापडहि वांचतें व धागाहि सरळ राहतो.

पाकळीचें टोक करण्याची युक्ति मुलांस फार आवडते. पाकळी उभी दुमडावी, कापडाची चांगली बाजू आंत ठेवून. रुंद टोकावर पाव इंच आंत आडवी टीप घालावी. मग दुमड उघडून तें टोक उलटें करावें, आणि कोपरा एखाद्या बोथट काडीनें बाहेर काढावा. क्षणापूर्वीं जी सरळ कड होती तिची नीट टोकदार कमान झालेली दिसते. टिपेची रेघ पाकळीच्या मध्यावर आहे कीं नाहीं तें पाहून इस्त्री फिरवावी. येथें एक सूचना: या कामांत इस्त्री फिरवूं नये, असें म्हणणेंच खरें. ती ठेवावी आणि उचलावी, ठेवावी आणि उचलावी. पुढेंमागें सरकविली तर तिरक्या कडा ताणल्या जातात.

वीस पाकळ्या अशा तयार झाल्या म्हणजे दोन दोन समोरासमोर ठेवून लांब बाजूनें शिवावयाच्या. ही शिवण सुमारें साडेचार इंच लांबीची असते. हातानें शिवावयाचें तर बारीक धांवदोरा घालावा, दर चार टांक्यांमागें एक उलटटीप, आणि बाहेरच्या टोकाशीं दोन तीन, कारण ताण तेथेंच येतो. एवढेंच. यांत अवघड तें काय, असें आम्हांसहि वाटलें होतें, आणि पहिल्या आठवड्यांत आम्हीं वर्गाबरोबर बसून आपली स्वतःची थाळी मोठ्या डौलानें जोडली. पांढरें मांजरपाट आणि निळें छापील गिरणीचें कापड, एकाआड एक. विसावी शिवण घालून वर्तुळ मिटविलें व थाळी टेबलावर ठेवली. ती बसेना. एका बाजूस दाबली कीं दुसऱ्या बाजूस उठे. कडेला लाटा आल्या, भाजतांना पापड वळावा तशा. वर्गांतील बहुतेक थाळ्यांची हीच दशा होती. एक मात्र उलट होती. ती खोल होऊन तिचा चक्क वाडगा झाला होता.

दुसरे दिवशीं आम्हीं फळ्यावर हिशेब मांडला, आणि तो मुलांच्या अपेक्षेहून निराळा निघाला, म्हणून येथें सविस्तर देतों. समजा, माया पाव इंचाऐवजीं प्रत्येक शिवणींत पाव सूत, म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, कमी धरली. पण आरंभापासून शेवटपर्यंत सारखीच कमी. प्रत्येक पाकळी दोन्ही बाजूंनीं मिळून अर्धा सूत रुंद राहील. वीस पाकळ्यांचे दहा सूत, म्हणजे सव्वा इंच घेर वाढला. मुलें म्हणालीं, म्हणूनच ती बसत नाहीं. तसें नाहीं. पाकळीच्या दोन्ही कडा समांतर सरकल्या, त्यांमधला कोन १८ अंशांचाच राहिला. वीस अठरे तीनशें साठ. थाळी सपाट बसणार, फक्त मधलें भोंक थोडें मोठें होणार. सव्वा इंच घेर म्हणजे त्रिज्येंत इंचाचा पांचवा भाग. मधल्या वाटोळ्या तुकड्याखालीं तो दिसणारहि नाहीं.

आतां दुसरी चूक घेऊं. शिवण निमुळत्या टोकाशीं बरोबर पाव इंचावर सुरू केली, आणि जातां जातां ती बाहेरच्या टोकाशीं पाव सूत कडेकडे सरकली. चूक तेवढीच, किंबहुना पहिलीच्या निम्मी. परंतु आतां शिवण तिरकी झाली, कोन बदलला. साडेचार इंच लांबींत पाव सूत सरकणें म्हणजे सुमारें चार दशांश अंश. शिवणीच्या दोन्ही अंगांच्या पाकळ्या मिळून आठ दशांश. वीस शिवणींचे सोळा अंश. कागद सपाट आहे, टेबल सपाट आहे, त्यांवर एका बिंदूभोंवतीं ३६० अंशांनाच जागा आहे. आमच्या थाळींत ३७६ अंश भरले होते. जास्तीच्या सोळांना जावयास जागा नाहीं, म्हणून ते वर उठले. ज्या मुलाची थाळी वाडग्यासारखी झाली त्याची शिवण उलट बाजूस, आंत आंत सरकत गेली होती. त्याला तितकेच अंश कमी पडले होते. पाव सूत म्हणजे आमच्या शिवणाच्या दोऱ्याच्या दोन तीन पदरांएवढी जाडी. ती डोळ्यांस दिसत नाहीं. आणि वाईट असें कीं, एकोणीस शिवणी होईपर्यंत कांहींच बिघडल्यासारखें वाटत नाहीं, कारण उघडा पंखा कसाहि पसरतां येतो. वर्तुळ मिटवावें तेव्हां तें बोलतें.

सोळा अंश जास्ती, आणि एका पाकळीचे अठरा! हा आंकडा फळ्यावर पाहतांच आम्हांस जी युक्ति सुचली ती सांगण्यास थोडा संकोच वाटतो. एक पाकळी काढून टाकावी. आम्हीं आपल्या थाळींतून एक निळी पाकळी उसवली, शेजारच्या दोन पांढऱ्या एकमेकींस जोडल्या, ओलें कापड टाकून इस्त्री ठेवली, आणि थाळी निमूट सपाट बसली. एकोणीस पाकळ्यांची. वर्गास आम्हीं सांगितलें कीं, संमेलनास वेळ थोडा आहे, ज्यांच्या थाळ्यांस लाटा आहेत त्यांनीं असेंच करावें.

बहुतेकांनीं केलें. एका मुलीनें केलें नाहीं. तिनें घरून आपल्या आजीच्या नऊवारी सुती लुगड्याचा धड राहिलेला पदराकडचा हातभर तुकडा आणला होता. आजी त्याच उन्हाळ्यांत वारली होती. त्या तुकड्याच्या तिनें दहा पाकळ्या कापल्या होत्या, व दहा मांजरपाटाच्या. ती थाळी घेऊन आमच्याकडे आली आणि तिनें विचारलें, "बाई, आजीची काढूं कीं पांढरी?" आम्ही म्हणालों, "पांढरी काढ." त्यावर ती म्हणाली, "मग आजीच्या दोन शेजारीं शेजारीं येतील. नक्षी चुकलेली लगेच दिसेल." आमच्या थाळींतहि दोन पांढऱ्या शेजारीं आल्या होत्या, आणि तें तिनें पाहिलें होतें. पण तिनें तेवढें बोलून दाखविलें नाहीं. आम्हीं तिला काय उत्तर दिलें तें आतां आठवत नाहीं. बहुधा दिलेंच नाहीं.

तिनें सगळी थाळी उसवली. येथें जुन्या कापडाचा स्वभाव सांगितला पाहिजे. नव्या कापडाची शिवण दोन तीन वेळां उसवली तरी चालतें. तीस चाळीस वर्षें धुतलेल्या लुगड्याचे धागे सुटतात, आणि पाव इंचाची माया बघतां बघतां दीड सुतावर, एका सुतावर येते. मग शिवण धरत नाहीं. उसवणें कात्रीच्या टोकानें, दर तिसरा टांका कापून, दोरा दुसऱ्या बाजूनें ओढून करावें. पाकळ्या दोन हातांनीं ओढून फाडूं नयेत. एवढी काळजी घेऊनहि आजीच्या दहा पाकळ्यांपैकीं सहाच धड निघाल्या. घरीं आणखी कापड नव्हतें.

तिच्या या खटपटींतूनच आम्हांस खरी पद्धत सांपडली, ती अशी. वर्तुळ मिटेपर्यंत थांबूंच नये. वीस पाकळ्यांचे चार गट करावे, प्रत्येकीं पांचांचा. पांच अठरे नव्वद; म्हणजे प्रत्येक गट हा काटकोन झाला पाहिजे. शिवण्यापूर्वीं प्रत्येक पाकळीच्या उलट बाजूस दोन्ही कडांपासून पाव इंचावर पेन्सिलीनें शिवणीची रेघ आंखावी, टाचणी या रेघेंतून घालून पलीकडच्या पाकळीच्या रेघेंतूनच बाहेर येते कीं नाहीं तें पाहावें, आणि मग रेघेवरूनच शिवावें. पांच पाकळ्या जोडल्या कीं त्यांत चारच शिवणी असतात. गट इस्त्रीनें बसवून, त्याच्या दोन्ही बाहेरच्या कडांवरील पेन्सिलीच्या रेघा गुण्याशीं, नाहींतर कोऱ्या पुस्तकाच्या कोपऱ्याशीं, लावून पाहाव्या. काटकोनाहून जास्त उघडला तर कोणती तरी शिवण बाहेर सरकली आहे, कमी उघडला तर आंत. चार शिवणींत दोषी शोधणें सोपें, विसांत अवघड. दोन गट जोडले कीं कडा एका सरळ रेषेंत याव्या, तेथें फूटपट्टी लावावी. असे दोन अर्धे तपासून मग मिटविलेली थाळी टेबलावर पडल्या पडल्या बसते. ही तपासणी आम्ही आधीं कां केली नाहीं, असें एका पालकांनीं विचारलें. आधीं सुचली नाहीं, हेंच खरें उत्तर.

पुढील काम सोपें आहे. खालचा पांढरा चौकोन शिवून १६ इंचांचा राहावा म्हणून साडेसोळा इंचांचा कापावा. तो दोनदां दुमडून चार घड्यांच्या खुणा पाडाव्या, आणि थाळीच्या चार गटांमधल्या शिवणी या खुणांवर आणून ठेवाव्या. टाचण्यांनीं व कच्च्या दोऱ्यानें धरून, कांठाकांठानें बारीक टांक्यांनीं टिपावें; सुई पाकळीच्या घडींतून निघून लगेच खालच्या कापडांत गेली म्हणजे टांका दिसत नाहीं. मधला वाटोळा तुकडा २ इंच त्रिज्येचा. त्याकरितां तेवढाच पुठ्ठा कापावा, कापड त्याहून पाव इंच मोठें घ्यावें, कापडाच्या कडेनें धांवदोरा घालून पुठ्ठा आंत ठेवावा आणि दोरा ओढावा. पुरचुंडी आवळते तसें कापड पुठ्ठ्यावर आवळतें. इस्त्री ठेवून पुठ्ठा काढून घ्यावा. सुरेख वाटोळें वर्तुळ राहतें. असे नऊ चौकोन, तीन ओळींत तीन तीन, जोडले म्हणजे चार फूट चौरस पांघरूण होतें. आंत आम्हीं जुन्या चादरीचा एक थर घातला व खालीं अस्तर, आणि तिन्ही थर आपल्याच धांवदोऱ्यानें, घरच्या गोधडीप्रमाणें, शिवून टाकले. तेवढ्यापुरती वर्गांतील मुलींच्या आयांची व आज्यांची मदत झाली, आणि त्यांच्या टांक्यांपुढें आमचे टांके पाहवेनात.

आजीच्या सहा पाकळ्यांचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. पांच पाकळ्यांचा काटकोनी गट हा अमेरिकन गोधड्यांत स्वतंत्र चौकोन म्हणूनहि वापरतात, आणि त्या चौकोनाचें तिकडील प्रसिद्ध नांव 'आजीचा पंखा' असें आहे. हें आम्हीं त्या मुलीस पुस्तकांत दाखविलें तेव्हां तिनें तें नांव दोनदां वाचलें. तिनें पांच पाकळ्या जोडल्या, पुस्तकाच्या कोपऱ्याशीं लावून पाहिल्या, आणि चौकोनाच्या एका कोपऱ्यांत तो पंखा बसविला. बाकीचा चौकोन पांढरा राहिला. सहावी पाकळी ती भूमितीच्या पुस्तकांत खुणेसाठीं ठेवते.

आमची एकोणीस पाकळ्यांची थाळी गोधडीच्या मधोमध आहे. तिचें कापड गिरणीचें, नवें. ती उसवून पुन्हां नीट करतां आली असती. वेळ नव्हता, असें आम्हीं वर्गास सांगितलें. तें पुरतें खरें नव्हतें. कोणी म्हणतात कीं, पूर्वीच्या अमेरिकन स्त्रिया गोधडींत मुद्दाम एक चूक ठेवीत, कारण निर्दोष कृति एका परमेश्वराचीच. ही समजूत वाचून आम्हांस फार बरें वाटलें होतें. पण गोधड्यांचा इतिहास धुंडाळणाऱ्यांस तिला आधार सांपडलेला नाहीं, तेव्हां तीहि सबब गेली.

संमेलनाच्या दिवशीं गोधडी हस्तकलेच्या दालनांत भिंतीवर लावली होती. पांचवीतला एक मुलगा तिच्यासमोर उभा राहून मधल्या थाळीच्या पाकळ्या बोटानें मोजीत होता. एकदां मोजून झाल्या, त्यानें मान हलविली, आणि दोन पांढऱ्या जेथें शेजारीं आल्या आहेत तेथून पुन्हां आरंभ केला. त्याच्यामागें त्याचे आईवडील उभे होते, आणि बाजूस आमच्या वर्गांतील चार मुली. आम्ही जवळ गेलों. "बाई, ह्या एकोणीसच भरतात," तो म्हणाला.

"एकोणीसच आहेत," असें आम्हीं त्याला सांगितलें, आणि विसावी कोठें गेली तें त्यानें विचारल्यावर तेंहि सांगितलें.